तटाखालची अकरा खापरं

ॲन आर्बरमधल्या मराठी बायका वसुधाताईंना जेवायला बोलवायला जरा कचरत असत. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, जेवायच्याही नीट. पण समोर वाटी आली की आमटी वाढायच्या आत ती उलटी करून तिचं बूड बघायची त्यांना खोड होती. मग काठावरून अंगठा फिरवायच्या, डोळे बारीक करायच्या आणि काहीतरी बोलून जायच्या. एका गणपतीला आमच्याकडच्या एका काकूंनी कौतुकाचा सेट काढला होता. वसुधाताईंनी सहा वाट्या हाताळल्या आणि सहज म्हणाल्या, "यातल्या चार आधीच्या आहेत, दोन नंतर घेतलेल्या. भट्टी वेगळी आहे." काकू म्हणाल्या, छे, सगळा सेट एकदमच आणलाय. तेवढ्यात काकांना ठसका लागला. वर्षापूर्वी त्यांच्या हातून दोन वाट्या फुटल्या होत्या आणि बायको भारतात गेलेली असताना त्यांनी तशाच दोन गुपचूप आणून ठेवल्या होत्या. त्यानंतर काका वसुधाताईंशी दोन वर्षं धड बोलले नाहीत.

त्यांची नजर अशी होती. ती चुकते असं आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनीही पाहिलं नव्हतं.

मी मूळची नागपूरची. नवरा गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून मिशिगनला आले. कामाचं परमिट हातात पडेपर्यंत मी घरात बसून इतकी वैतागले होते की पहिली जी नोकरी मिळाली ती घेतली. गावाबाहेरच्या एका छोट्या संशोधन संस्थेला संगणकावर नकाशे करणारं माणूस हवं होतं. मला वाटलं रस्त्यांचे, नद्यांचे नकाशे असतील. पहिल्या दिवशी तळघरातल्या एका लांबलचक खोलीत नेऊन मला वसुधाताईंच्या हवाली केलं गेलं. साठी उलटलेली, बुटकी बाई, कापलेले पांढरे केस, खिसेच खिसे असलेलं पुरुषी जाकीट. मराठी माणूस दिसलं म्हणून मी खूश होऊन "नमस्कार काकू" म्हणाले.

"काकू घरी. इथे ताई म्हण. शिक्षण काय तुझं?"

मी कॉम्प्युटर म्हणाले. त्यांनी एक बादली आणि एक टूथब्रश माझ्यापुढे सरकवला आणि सांगितलं, नकाशात ज्याचे ठिपके लावणार आहेस ते आधी हातानं धू. पहिला आठवडाभर मी इंजिनियरिंगची पदवी घेऊन मडक्यांचे तुकडे घासत होते. त्यात एक बोटभर पांढरा तुकडा आला. दगड आहे की हाड, मी विचारलं. त्या म्हणाल्या, जिभेला लाव. हाड असेल तर चिकटेल, दगड चिकटत नाही. मला वाटलं नव्या सुनेची फिरकी घेतायत. पण त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन शांतपणे स्वतःच्या जिभेला लावला आणि म्हणाल्या, "बकरी." दुसरा तुकडा मी लावला. हजारो वर्षांपूर्वीची ती बकरी माझ्या जिभेला अशी चिकटली की काही विचारू नका. आमच्या घरात अंडंही येत नाही. आईला मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

ती खापरं आली होती एका वाळवंटातून. वाळवंटाच्या मधोमध पाणी लागलेली, खजुराची हिरवी जागा. तिथे फार जुन्या काळी माणसं वस्तीला आली आणि त्यांनी घरं, विहिरी, शेतं, खजुराच्या बागा, अगदी थडग्यांसकट सगळ्या गावाभोवती दगडामातीचा तट घातला. हा तट इतका लांब की त्याला एक फेरी मारायची तर सकाळ संपते. संस्थेचा प्रमुख डेव्हिड तिथे बरीच वर्षं खणत होता आणि वसुधाताई त्याच्याबरोबर दर हिवाळ्यात तिथे जात होत्या. पदवी म्हणाल तर त्यांची पीएचडी अर्धवट राहिलेली. नवऱ्याचं आजारपण, मग त्यांचं जाणं, मग राहूनच गेलं. संस्थेत त्या बावीस वर्षं होत्या, तेही दर मार्चमध्ये एकेक वर्षाची मुदत वाढवून घेत. पण एखादं खापर कुठल्या काळातलं, यावर त्यांनी तोंड उघडलं की मोठमोठे डॉक्टर गप्प बसायचे.

सगळा प्रश्न त्या तटाचा होता. तो कधी बांधला? डेव्हिडचं म्हणणं, वस्तीच्या अगदी सुरुवातीला. माणसांनी घरांच्या आधी एकत्र येऊन तट उभारला, आणि गाव म्हणजे काय हे तिथेच पहिल्यांदा ठरलं. त्याच्या पुस्तकाचं मुख्य प्रकरण यावरच होतं. पुरावा म्हणजे तटाच्या पायाखाली खणताना सापडलेली अकरा खापरं. यातलं तर्कशास्त्र मलासुद्धा कळेल इतकं सोपं आहे. पायाखाली जे सगळ्यात नवं खापर सापडेल, त्याच्या आधी तट बांधलेला असूच शकत नाही. अकराच्या अकरा अगदी जुनी निघाली. म्हणून तटही जुना मानला गेला. माझ्या नकाशात मी तो ठसठशीत लाल रंगवला होता.

त्या खणण्याच्या हंगामातली एक गोष्ट वसुधाताई जेवणाच्या पंगतीत हमखास सांगायच्या आणि आम्हीही त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. खापरं धुतली की ज्या थरातून निघाली त्या थराच्या वेगळ्या ताटात वाळत ठेवायची, आणि प्रत्येक ताटात त्या थराची चिठ्ठी. एके दुपारी असा वारा सुटला की सात-आठ ताटं उलटीपालटी झाली आणि सगळी खापरं वाळूत एक झाली. मदतीला आलेले विद्यार्थी रडायच्या बेताला आले. वसुधाताईंनी पदर खोचला. पदर नव्हताच, पण त्या तसंच सांगायच्या. त्या वाळूत बसल्या आणि तासाभरात नुसत्या नजरेनं एकेक खापर उचलून ज्याच्या त्याच्या ताटात परत घातलं. "जुनं जुन्यात, नवं नव्यात," त्या म्हणायच्या, "मडकं खोटं बोलत नाही." आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवल्या आहेत.

मागच्या फेब्रुवारीत त्या खापरांची परत जायची वेळ आली. ती त्या देशाची मालमत्ता, अभ्यासाला म्हणून उसनी आणलेली. शुक्रवारी तिथल्या पुरातत्त्व खात्यातली हुदा नावाची तरुण मुलगी एकेक पिशवी यादीशी ताडून ताब्यात घेणार होती. डेव्हिडचं पुस्तक छापायला जायच्या बेतात होतं. वसुधाताई दिवसभर पिशव्या बांधत होत्या. पण जेवणाआधी दहा मिनिटं वेगवेगळ्या पिशव्यांतली खापरं एकमेकांना लावून बघायचा त्यांचा जुना नाद होता, लोक पत्ते लावतात तसा. सांधा जुळतो का बघायचं. हजारात एखादा जुळतो.

सोमवारी जुळला.

त्यांनी मला हाक मारली नाही, मी आपण होऊन डबा घेऊन गेले तेव्हा बघितलं. त्यांच्या हातात दोन तुकडे होते, एकमेकांना असे बसलेले की मध्ये केस जाणार नाही. एक काळा, जळका. त्या अकरातला. दुसरा तांबूस, बाहेरून फणीच्या रेघा ओढलेला. तो वरच्या थरातल्या एका घराच्या जमिनीतून आलेला होता आणि तो थर तटाच्या मानलेल्या काळाच्या आठशे वर्षं नंतरचा. एकाच मडक्याचे दोन तुकडे, आणि त्यांच्यामध्ये आठशे वर्षं. जळून काळा पडला म्हणून तो तुकडा जुन्यासारखा दिसत होता, इतकंच.

"म्हणजे तट नवा?" मी विचारलं.

त्यांनी ते दोन तुकडे वेगळे करून पुन्हा लावून बघितले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

डेव्हिडला दाखवलं तेव्हा तो क्षणभर पांढरा पडला, पण लगेच सावरला. तो वाईट माणूस नाही, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. दर सोमवारी सगळ्यांना स्वतःच्या हातानं कॉफी आणून देणारा माणूस. तो म्हणाला, यात विशेष काही नाही, धुताना एक खापर या ताटातून त्या ताटात गेलं असणार, असं प्रत्येक ठिकाणी होतं. वसूनं दोन ओळींची टीप लिहून द्यावी की हे एक चुकून आलं होतं. हे एक बाद. बाकीची दहा आहेतच.

वसुधाताई म्हणाल्या, अशी टीप मी लिहिणार नाही. का, ते सांगितलं नाही.

मंगळवार तसाच गेला. तळघरात आम्ही दोघी काम करत होतो आणि टेप ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. डेव्हिड दोनदा खाली आला, दोनदा हळू आवाजात बोलून वर गेला. संस्थेत कुजबुज सुरू झाली की बाईला आपल्या हातून चूक झाली हे कबूल करवत नाही. मार्च तोंडावर होता, मुदतवाढीचं पत्र डेव्हिडच्याच सहीनं निघायचं. मला वसुधाताईंचा राग येत होता. एवढी दोन ओळींची तर गोष्ट. एका खापराचं खापर डोक्यावर घेतलं तर काय आभाळ कोसळणार होतं? मी असं मनात घोकत होते, आणि बुधवारी दुपारी तोंडावर बोलायची संधी मिळाली. बर्फामुळे बस कॅन्सल झाली म्हणून मी त्यांना घरी सोडायला निघाले.

त्यांच्या इमारतीपुढे गाडी थांबवली तरी त्या उतरेनात. वायपर चालू होते. मी म्हणाले, ताई, लिहून टाका ना ती टीप. एक खापर इकडचं तिकडे होतं, कोण तुम्हाला नावं ठेवणार आहे?

"एक गेलं असतं तर कधीच लिहून दिलं असतं गं," त्या म्हणाल्या. "ते धुताना गेलं असतं तर गोष्ट वेगळी. वाऱ्यात सगळीच गेली होती. तटाखालचं ताटही त्यातच होतं. परत मी लावली. कशी लावली?"

मला एकदम कळलं नाही. त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. जुनं दिसलं ते तटाखालच्या ताटात घातलं, कारण तिथे जुनंच असणार असं मला वाटत होतं. नवं दिसलं ते वरच्या थरांच्या ताटांत. तटाखाली खरंच नवी खापरं निघाली असतील, तर ती मीच उचलून वर टाकली. मग आम्हीच बघितलं की अहाहा, तटाखाली सगळं जुनं आहे. हे काळं तेवढं माझ्या नजरेला चकवून गेलं, म्हणून आज कळलं.

"खापरं खोटं बोलली नाहीत. मी त्यांना बोलायला लावलं. आणि सहा वर्षं ती गोष्ट पंगतीत सांगत फिरले."

काहीही येत नसलेल्या विद्यार्थ्याच्या हातून ही चूक झाली नसती. त्याला ताटं लावताच आली नसती, आणि तो रडत डेव्हिडकडे गेला असता. त्या दुपारची सगळी खापरं 'ठिकाण अज्ञात' म्हणून बाजूला पडली असती. ही चूक फक्त त्यांच्यासारख्या माणसाकडूनच होऊ शकत होती, ज्याला फार कळतं अशा माणसाकडून.

मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, ताई, गप्प बसा. हे तुम्हाला नि मला सोडून कोणाला माहीत नाही. डेव्हिडला एकाची टीप हवी आहे, द्या. पुस्तक निघेल, तुमचं पत्र निघेल. चार हजार वर्षांपूर्वीच्या तटाला काय फरक पडतो?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "तुला माझ्या नोकरीची काळजी आहे," एवढंच म्हणाल्या. "चांगली आहेस." आणि बर्फात काळजीपूर्वक पाय टाकत आत गेल्या.

गुरुवारी डेव्हिडच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. त्यांनी इंग्रजीत सगळं सांगितलं, सावकाश, कुठेही आवाज न चढवता. डेव्हिडनं आधी मान हलवली, मग हलवायची थांबवली. कुठलं खापर कुठून आलं ते आठवतं का, त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, आठवत असतं तर नजरेनं लावली असती का? तो म्हणाला, दहा तरी? त्या नाही म्हणाल्या. मग तट नवा आहे असं म्हणायचं का? तेही नाही. जुना की नवा, माझ्या या खापरांवरून आता काहीच सांगता येत नाही. बाहेर फूटपाथवर कोणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.

"वसू, हे तू आधी का नाही बोललीस?" तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. सहा वर्षं त्यांच्या शब्दावर त्यानं घर बांधलं होतं.

"मलाच सोमवारी कळलं," त्या म्हणाल्या. "मंगळवार-बुधवार मी ते तुला सांगायचं टाळत बसले. तेवढे दोन दिवस मी तुझे घेतले, त्याबद्दल सॉरी."

डेव्हिडनं त्याच दिवशी प्रकाशकाला फोन करून पुस्तकातलं तटाचं प्रकरण काढून घेतलं. त्याबद्दल मी त्याला मानते. पण त्या दिवसापासून त्यानं वसुधाताईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही, आणि मार्चमध्ये पत्र निघालं नाही. त्या सोलापूरला भावाकडे गेल्या. तिथली एक खोली रिकामीच होती म्हणे.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी सकाळी हुदा आली. डोक्याला करड्या रंगाचा रुमाल, हातात यादी, एकही पिशवी न बघता पुढे न जाणारी. अर्धा दिवस गेला. तटाखालची पिशवी आली तेव्हा तिनं आतली नवी चिठ्ठी वाचली. वसुधाताईंनी गुरुवारी लिहिलेली. पहिली चिठ्ठी तशीच ठेवून तिच्याखाली घातलेल्या या चिठ्ठीत लिहिलं होतं की ही खापरं वाऱ्यानंतर अंदाजानं लावलेली आहेत, यांच्यावरून काळ ठरवू नये. वरच्या थरांच्या सहा पिशव्यांतही तसंच होतं. हुदानं त्या सातही पिशव्या बाजूला घेतल्या. तिच्याकडे यासाठी वेगळा फॉर्म होता. नोंद बिघडल्याचा. त्यात जबाबदार व्यक्तीचा एक रकाना होता. तिनं पेन उघडलं आणि आमच्याकडे बघितलं.

डेव्हिड पुढे झाला. संस्थेचं नाव लिही, म्हणाला. मला वाटतं त्या क्षणी त्याला खरंच त्यांना वाचवायचं होतं.

"संस्था नाही," वसुधाताई म्हणाल्या. "ताटं मी लावली."

आणि त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या आडनावांसकट, एकेक इंग्रजी अक्षर सुटं सुटं करून सांगितलं. हुदानं नावाआधी डॉक्टर लिहायचं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, नको, मी डॉक्टर नाही. नुसतं नाव लिही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं. बावीस वर्षांत डेव्हिडच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी, आभाराच्या यादीत, गाडीवाल्यांच्या आणि स्वयंपाक्यांच्या मध्ये कुठेतरी त्यांचं नाव यायचं. एकटं, पूर्ण, सरकारी कागदावर ते पहिल्यांदाच लिहिलं जात होतं, आणि ते या रकान्यात.

हुदानं सही घेतली. मग फॉर्म घडी करता करता ती थांबली आणि तिनं विचारलं की तटाखाली पुन्हा खणायचं झालं तर कुठून सुरू करावं. वसुधाताईंनी टेबलावरचा एक रिकामा खोका उलटा करून त्यावर पेन्सिलीनं तट काढला, जुना खड्डा काढला, आणि त्याच्यापासून वीस पावलांवर एक फुली मारली. इथे कोणी हात लावलेला नाही, म्हणाल्या. आणि धुताना एका वेळी एकच ताट बाहेर काढ. हुदानं खोक्याचा तेवढा तुकडा कापून घेतला.

दुपारी पेट्या ट्रकमध्ये चढल्या. वसुधाताईंनी जाकीट घातलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाल्या. वरच्या खिडकीतून मला समोरचा बसथांबा दिसत होता. त्या तिथे उभ्या होत्या. बस आली, दार उघडलं, त्यांनी ड्रायव्हरला हातानं जा म्हणून सांगितलं. बस गेली. मला कळेना की थंडीत ही बाई कशाला थांबली आहे. मग आमच्या आवारातून ट्रक बाहेर पडला, रस्त्याला लागला आणि सिग्नलपाशी उजवीकडे वळला. त्या तो वळेपर्यंत बघत राहिल्या, आणि वळल्यावरही.

बुधवारी गाडीत जे बोलले होते त्याची मला माफी मागायची होती. जाकीट चढवून, बूट घालून मी धावत खाली गेले. तोवर पुढची बस येऊन गेली होती आणि थांब्यावर कोणी नव्हतं.